डाव्या दारावरचा ओरखडा

ओरखडा माझ्याच हातून पडला होता. तिसगावजवळच्या एका वस्तीवर गेलो होतो. परत येताना अरुंद रस्त्यावर समोरून उसाची ट्रॉली आली आणि मी घाईने गाडी कडेला घेतली. बाभळीची फांदी मागच्या डाव्या दारावरून करकरत गेली. उतरून पाहिलं तर वीतभर ओरखडा, त्यात दोन ठिकाणी रंग जाऊन पत्रा उघडा पडलेला. नगरला घरी पोचल्यावर गाडी डावी बाजू भिंतीकडे करून लावली. बायकोला उद्या सांगू, असं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून यायच्या आत तिनेच गाडी बाहेर काढली होती. ती नुकतीच चालवायला शिकली होती. तिची आई नेवाशाला एकटी राहते. दर रविवारी आईकडे जाता यावं म्हणून पन्नाशीच्या उंबरठ्यावर तिने हे धाडस केलं होतं. मी घरी आलो तेव्हा ती पायरीवर बसून होती. डोळे लाल.

"अहो, कॉलनीच्या गेटमधून येताना काहीतरी खरखरलं. उतरून बघितलं तर दाराला केवढं लागलंय."

त्या क्षणी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "जाऊ दे गं. होतं असं."

तिने माझ्याकडे इतक्या कृतज्ञतेने पाहिलं, की मी आत जाऊन चहा ठेवला. संध्याकाळी ती फोनवर आईला सांगत होती, "एक शब्द बोलले नाहीत गं." सासूबाईंनी मुद्दाम फोन माझ्याकडे द्यायला लावला आणि म्हणाल्या, "तुमच्यासारखा जावई लई नशिबानं मिळतो." मी हो-हो करून फोन ठेवला.

त्यानंतर तिने किल्लीला हात लावला नाही. "माझा अंदाज चुकतो. उद्या एखादं माणूस गाडीखाली यायचं," म्हणायची. रविवारी एसटीने नेवाशाला जायची. नेवासा फाट्याला उतरायचं, पुढे रिक्षा मिळेपर्यंत उन्हात उभं राहायचं. मी म्हणायचो, "मी सोडतो." ती म्हणायची, "तुमचा एकच तर सुट्टीचा दिवस." एका रविवारी सासूबाई न्हाणीघरात घसरल्या. शेजारणीचा फोन आला तेव्हा बायको बसमध्ये होती आणि बस घोडेगावच्या अलीकडे बंद पडली होती; मी गाडी काढतो म्हणालो, तर म्हणाली, मागून दुसरी बस येतेय. सासूबाईंना फक्त मुका मार लागला होता. पण ते कळेपर्यंत तासभर मी घरात येरझाऱ्या घालत होतो. ती गाडीने गेली असती तर केव्हाच पोचली असती, एवढं एकच डोक्यात फिरत होतं.

मला वाटलं, ओरखडा दिसेनासा झाला की तिची भीतीही जाईल. मग सांगायचीही गरज उरणार नाही. दाराच्या आतल्या पट्टीवरचा रंगाचा नंबर लिहून घेऊन मी रंगाच्या दुकानात गेलो. दुकानदाराने नेलपॉलिशएवढी बाटली हातात ठेवली. "घाई करू नका. लई लोकं जाड थर थापत्यात आन् मग फुगवटा दिसतो. पातळ लावा, वाळू द्या, परत पातळ. गाडी जुनी हाय, रंग थोडा गडद दिसंल."

शनिवारी दुपारी सावलीत गाडी धुतली. बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून ओरखड्यावर हलक्या हाताने घासला. वाऱ्याबरोबर धूळ येत होती, ओल्या रंगावर ती बसली तर सगळं वाया. बायको जुनी चादर आडवी धरून उभी राहिली. "माझ्या चुकीपायी तुम्हाला व्याप," असं ती दोनदा म्हणाली. मी मान वर केली नाही.

पत्रा उघडा पडला होता तिथे रंगाआधी प्रायमरचं अस्तर लावलं. ते वाळेपर्यंत तिने फडकं घेतलं आणि काचेखालचं रबर पुसायला लागली. मध्येच थांबली. रबराच्या फटीतून तिने काहीतरी नखाने उपसून काढलं. पांढरट, लांब काटा.

"हा बाभळीचा आहे," ती म्हणाली. "आपल्या कॉलनीत बाभळ कुठंय?"

रस्त्यात कुठेतरी अडकला असेल, असं सांगता आलं असतं. तोंड उघडलंही होतं. पण ती काट्याकडे नाही, माझ्याकडे बघत होती.

"तुझ्या हातून नाही लागलं," मी म्हणालो. "त्याच्या आदल्या दिवशी तिसगावहून येताना माझ्याच हातून लागलं." ट्रॉलीपासून भिंतीपर्यंत सगळं सांगून टाकलं. कुंचला हातात तसाच होता.

तिने काटा बॉनेटवर ठेवला. मग म्हणाली, "दोन महिने तुम्ही मला बसनं पाठवलंत. आणि मी जगभर तुमचं कौतुक करत हिंडले."

चादर तिने माझ्या खांद्यावर टाकली आणि आत गेली. राहिलेले दोन्ही थर मी एकट्याने दिले. एका जागी रंग ओघळला.

रविवारी सकाळी ती किल्ली घेऊन निघाली. "मी येऊ बरोबर?" विचारलं, तर नुसती मान हलवून नाही म्हणाली. गाडी एकदा बंद पडली, मग वळली आणि गेली. मी फोन समोर ठेवून बसलो. महामार्गावरचे ट्रक, साखर कारखान्याची वाहनं, फाट्यावरची गर्दी, सगळं डोळ्यांपुढे येत होतं. दीड तास झाला, दोन झाले. तिला फोन करावा, तर चालवताना ती दचकेल. शेवटी सासूबाईंना लावला.

"व्हय, पोचली की मघाशीच," त्या म्हणाल्या. "जेवतीय. तुमच्याशी आत्ता बोलायचं न्हाई म्हणती."

"आई, त्या दिवशी गाडी मीच..."

"सांगितलंय तिनं मला सगळं." मग त्या म्हणाल्या, "आमाला वाटलं, पोरीला जमत न्हाई. मीच तिला म्हणले हुते, बाई, नको चालवू."



संध्याकाळी ती आली. गाडी तिने स्वतःच मागे घेऊन, डावी बाजू बाहेर ठेवून भिंतीला नीट लावली. उन्हं तिरपी होती, ओघळ स्पष्ट दिसत होता. तिने त्यावरून बोट फिरवलं.

"हे घासून परत करावं लागेल," ती म्हणाली. "पुढच्या शनिवारी मी करते. तुम्ही चादर धरा."

त्या आठवड्यात ती माझ्याशी एवढंच बोलली.