आवाज म्हणजे भोक

महिन्याचा दुसरा शनिवार आला की सकाळपासून माझा जीव थाऱ्यावर नसतो. नागपूरहून भंडाऱ्याला यायचं, लहान मुलांची हृदयं तपासायची आणि संध्याकाळी परत जायचं. रस्ता फार नाही, पण गाडीत बसून ड्रायव्हरच्या आधी मीच पायाने ब्रेक दाबत असते. एका दिवसात चाळीस-पन्नास लेकरं, वरून माझा तापट स्वभाव. मी मूळची अड्याळची, त्यामुळे चिडले की तोंडात गावची झाडीबोली येते. ओपीडीतली सिस्टर म्हणायची, "मॅडम झाडीत बोलाले लागल्या का समजून जायचं, आज कोणाचं खरं नाही."

येणाऱ्यांतली निम्मी लेकरं ठणठणीत असतात. कधीतरी तापात कोणी छाती तपासलेली असते, 'हृदयात आवाज आहे' असं कागदावर लिहून दिलेलं असतं आणि घरच्यांच्या घशाखाली आठ दिवस घास उतरलेला नसतो. त्यांना "काही नाही, जा घरी" म्हणायला मला फार आवडतं. उरलेल्यांत कोणाच्या हृदयाच्या पडद्याला भोक, कोणी रडलं की निळं पडणारं, एखादी शाळेतली पोर, जिचा घसा सारखा दुखायचा, मग सांधे सुजले आणि आता हृदयाची झडप गळते. सोबतच्या बाया सांगतात, दात येऊन राहिले म्हणून अंग धरत नाही, नजर लागली म्हणून दूध ओढत नाही. मी म्हणते, "बाप्पा, पहिले माझी नजर लागू द्या मशीनमधून, मग तुमची पाहू."

लोकांना समजावून सांगायची माझी एक पद्धत होती आणि तिचा मला गर्व होता. चित्रं काढत बसण्यापेक्षा मी स्टेथोस्कोप सरळ बापाच्या कानात घालायची, दुसरं टोक लेकराच्या छातीवर धरायची आणि विचारायची, "येते का आवाज? सूंऽ सूंऽ? हा आवाज म्हणजे भोक." लोकांचे डोळे विस्फारायचे. त्यांना पटायचं, माझा वेळ वाचायचा आणि मागची रांग पुढे सरकायची.

संक्रांतीच्या आसपास दिघोरीकडचं एक जोडपं सात महिन्यांची मुलगी घेऊन आलं. धानाची शेती, पहिलंच लेकरू. मुलगी हाडाची काडी. दूध पिताना कपाळावर घाम फुटायचा, चार घोट घेऊन धापा टाकायची, सर्दी झाली की छाती भरायची. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केला. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला मोठं भोक होतं. मी बापाच्या कानात स्टेथोस्कोप घातला. तो डोळे मिटून इतका वेळ ऐकत राहिला की मागचे लोक कुरकुरायला लागले.

"गिरणीवानी चालू हाय जी," तो म्हणाला.

"तोच आवाज म्हणजे भोक. औषध देते, पण ऑपरेशन लागेल. दोन-तीन महिन्यांत नागपूरला यायचं. उशीर नाही करायचा."

उशीर का नाही करायचा, ते मी सांगितलं नाही. बाहेर पंचवीस लोक होते.

तीन महिने झाले, कोणी आलं नाही. सिस्टरने फोन केला, तर बाप म्हणाला, पोरगी मस्त हाय, घरात लगन हाय, मंग येतो. पुढच्या फोनला रोवणा, म्हणजे धानाची लावणी, निघाला होता, त्याच्या पुढच्याला कापणी. "रोवणा काय पळून चालला होता?" म्हणून मी सिस्टरवरच ओरडले, तिचा काय दोष! घरी पोळी लाटतानाही मला ती मुलगी आठवायची आणि पोळी फाटायची.

दिवाळीनंतर, गावची मंडईची जत्रा आटोपून, ते दोघं एकदाचे आले. बापाच्या हातात नव्या धानाच्या पोह्यांची पिशवी आणि चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. मुलगी दीड वर्षाची होत आलेली, गालांवर मांस, घाम नाही, धाप नाही.

"मॅडम, भोक बुजलं!"

मी छातीला स्टेथोस्कोप लावला. सूं-सूं जवळजवळ गेली होती. तिच्या जागी हृदयाचा दुसरा ठोका जोरात वाजत होता, दार आपटल्यासारखा. मोठं भोक असलं की फुप्फुसांकडे रक्ताचा लोंढा जातो. महिनोनमहिने तो लोंढा सोसून तिथल्या रक्ताच्या नळ्या जाड होतात, त्यांच्यातला दाब वाढतो. दोन्हीकडचा दाब सारखा व्हायला आला की भोकातून रक्त जोराने वाहत नाही, म्हणून आवाज कमी होतो. लेकरू बरं दिसायला लागतं, खायला लागतं. आणि आतून ऑपरेशनचं दार बंद होत असतं. एकदा बंद झालं की भोक शिवता येत नाही. शिवलं तर लेकरू जातं आणि नाही शिवलं तर वर्षावर्षाने निळं पडत जातं.

इकोमध्ये भोक जसंच्या तसं होतं.

माझा तोल गेला. "काहून नाही आणलं हिले? तीन महिने सांगितले होते ना! कायले वाट पाहत बसले?"

बापाचं हसू विझलं. "तुम्हीच तं सांगलं होतं जी, आवाज म्हणजे भोक. मी रोज सकाळ-संध्याकाळ तिच्या छातीले कान लावून आयकत होतो. आवाज कमी कमी होऊन राहिला होता. मले वाटलं, भोक भरून राहिलं."

सिस्टरने हे वाक्य माझ्या तोंडून शेकडो वेळा ऐकलं होतं. तिने मान खाली घालून रजिस्टर ओढलं. आणि मी काय म्हणाले? आज लिहितानाही लाज वाटते. मी म्हणाले, "असं मी काही म्हटलं नव्हतं. तुम्ही लोक अर्धवट ऐकता."

त्याने मान डोलावली. आईने मुलीला झबलं घातलं आणि ते बाहेर जाऊन बसले.

पुढच्याच आठवड्यात नागपूरला तपासणी ठेवली. मांडीच्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत न्यायची, फुप्फुसातला दाब मोजायचा, मग ऑक्सिजन देऊन बघायचं. दाब उतरला तर फुप्फुसातल्या नळ्यांमध्ये अजून जीव आहे, ऑपरेशन होईल. नाही उतरला तर संपलं. ते सहा दिवस मी कोणाशी धड बोलले नाही. कपाटं आवरली, पुन्हा विस्कटली. नवऱ्याने विचारलं, "काय झालं?" त्याच्यावरही खेकसले. खरं तर मला त्या बापाला फोन करायचा होता. नंबर काढायची आणि मोबाइल उलटा ठेवायची.

तपासणी मीच केली. ऑक्सिजन सुरू केला, पडद्यावरचा दाब तसूभर हलेना. पाच मिनिटं गेली. मी आयुष्यात देवाला फारसा त्रास दिलेला नाही, त्या दिवशी मात्र सोडला नाही. मग आकडा उतरायला लागला, आधी कंजुषी करत आणि मग चांगला. मी मास्कच्या आत रडले, कोणाला कळलं नाही.

चार दिवसांनी आमच्या सर्जनने भोक शिवलं. फुप्फुसातल्या दाबाच्या गोळ्या पुढे चालू ठेवाव्या लागणार होत्या. वेळेवर आली असती तर त्या लागल्याच नसत्या. पण मुलगी आयसीयूमधून वॉर्डात आली आणि आईच्या हातून वरणभात खाऊ लागली.

मी वॉर्डात गेले तेव्हा बाप खाली चहा आणायला गेला होता. आईने तोंड उघडून माझ्याशी बोललेलं मला तोवर आठवत नव्हतं. ती मुलीच्या ओठांवरचं वरण पुसत म्हणाली, "मॅडम, त्यायले जरा समजावून सांगा. भंडाऱ्याहून आले तेव्हापासून धड जेवत नाही. म्हणते, मले धड आयकताही नाही आलं, मीच पोरगी मारत होतो."

मी जिन्यावरच त्याला गाठलं. त्याच्या दोन्ही हातांत चहाचे कागदी कप होते. ते तो ठेवणार कुठे, म्हणून मी एक घेतला. मग जे बोलायचं ते बोलले. म्हटलं, "दादा, ते वाक्य माझंच होतं. 'आवाज म्हणजे भोक' असं मीच तुम्हाला सांगितलं होतं. आवाज कमी झाला म्हणजे धोका वाढला असाही अर्थ होतो, हे सांगायचं माझ्याकडून राहून गेलं. अन् त्या दिवशी सगळ्यांसमोर मी खोटं बोलले."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता चार शिव्या घालेल आणि त्या मी ऐकून घेईन.

"म्हणजे आवाज खरंच कमी झाला होता?"

"हो."

"मी बराबर आयकलं होतं?"

"बरोबर ऐकलं होतं तुम्ही."

तो तिथेच पायरीवर बसला आणि हातातला चहा तसाच धरून हमसून हमसून रडायला लागला.