येत्या भांगाला

प्लेग मुंबईत येण्याच्या दोन-तीन वर्षे आधीची ही गोष्ट. तेव्हा मी कारकुनी करत होतो, गिरगावात बिऱ्हाड होते आणि आपल्याला सगळे कळते असा माझा पक्का समज होता.

आमच्याकडे शीवची एक कोळीण मासे घेऊन येई. लग्नाआधी माझ्या बायकोच्या घरीही तीच येत असे. बायको सात वर्षांची असताना तिची आई गेली. तेव्हापासून टोपली ओट्यावर उतरवायची, आधी पोरीची वेणी घालायची आणि मग मासे विकायचे, असा त्या कोळिणीचा नेमच झाला होता. पुढे वडीलही गेले, घर मोडले. बायको कोळिणीला आक्का म्हणे.

माघात आक्का मुलीच्या लग्नाचे बोलावणे घेऊन आली. "येत्या भांगाला लगीन हाय, बाय. पोरीच्या हातान पयली बांगडी तुज्या हातची. तू आयल्याबिगर मी कासाराला बांगड्या भरू देनार नाय."

हे मी आतून ऐकले आणि माझे डोके फिरले. लग्नात भांग! आक्का गेल्यावर मी बायकोला बजावले, "अजिबात जायचं नाही."

"ती भांगाला म्हणाली, भांगेला नाही," बायको म्हणाली.

"कोळ्यांना व्याकरण कुठलं? नाहीतर काय, आपल्याला भांग पाडायला बोलावलंय?" माझ्या विनोदावर मी एकटाच हसलो. पुढचे पाच दिवस घरात जेवण वेळेवर मिळाले, पण शब्द म्हणून मिळाला नाही. दोनदा मी तिला डोळे पुसताना पाहिले आणि चुलीचा धूर असेल अशी स्वतःची समजूत घातली.

सहाव्या दिवशी आमच्या कचेरीतला पट्टेवाला रजा मागायला आला. गडी रत्नागिरीकडचा. "उद्या भांग आहे, भाऊसाहेब. माझा भाऊ माझगावला मासेमारी करतो, तो घरी असेल. भेटून येतो म्हणतो."

मी खेकसलो, "कचेरीत भांगेच्या गोष्टी करतोस?"

तो बिचारा आधी गोंधळला, मग गालात हसला. अष्टमीच्या सुमाराला भरती-ओहोटी मंद असते, पाण्याला ओढ नसते, जाळ्यात मासळी येत नाही. त्याला दर्यावरची माणसे भांग म्हणतात. होड्या किनाऱ्याला आणि पुरुष घरी, म्हणून लग्नेसुद्धा तेव्हाच धरतात. हे त्याने सगळ्या कचेरीसमोर सांगितले आणि सगळी कचेरी माझ्याकडे बघून हसली. मला मात्र हसणे सुचेना. अष्टमी दुसऱ्याच दिवशी होती.

घरी जाऊन मी बायकोला सगळे सांगितले. ती उठली आणि ओटीचा खण नि नारळ काढून ठेवला.

सकाळी माझी पगडी सापडेना, त्यामुळे शीवला जाणारी आगगाडी आमच्या डोळ्यांदेखत सुटली. घोडागाडी केली, तर गाडीवाला दादरच्या पुढे यायला तयार होईना. म्हणाला, आगे जंगल है. मग पायीच निघालो.

माटुंग्याची ती वाट मी अजून विसरलेलो नाही. दोन्ही बाजूंना ताडामाडांची दाटी, खाली करवंदीच्या जाळ्या, आणि पायवाट इतकी अरुंद की मागेपुढेच चालावे लागे. बायको पुढे. तिने कासोटा घट्ट केला, वहाणा हातात घेतल्या आणि अशी चालू लागली की पगडी सांभाळत मला जवळजवळ धावावे लागले. एका ओढ्यात माझा जोडा चिखलात रुतून बसला. तो उपसेपर्यंत ती दिसेनाशी झाली होती. खरे सांगतो, मला राग येण्याऐवजी गंमत वाटली. सकाळचे ऊन, माडांचा वारा आणि मुंबईत इतकी शांतता! एरवी मी तिथे तासभर बसलो असतो.

पुढे एका ठिकाणी वाट दुभंगली. एका ताडावर ताडी काढायला भंडारी चढला होता. मी खालून ओरडलो, "कोळीवाडा कुठे?"

"ढोल ऐकू येतोय ना? मग मला कशाला विचारता?" तो वरून म्हणाला.

ढोलाच्या रोखाने गेलो तशी झाडी विरळ झाली. उजवीकडे अँटॉपची टेकडी, पलीकडे मिठागरे, समोर शीवचा पडका किल्ला आणि त्याच्या पायथ्याशी कोळीवाडा. किल्ला आमच्या वाडवडलांनी बांधताना पाहिला, असे आक्का नेहमी सांगे.

वेशीपाशी बायको माझ्यासाठी थांबली होती. दोघे मांडवात शिरलो तेव्हा ऊन डोक्यावर आले होते. हळदीची वेळ टळत चालली म्हणून बायका कुरकुरत होत्या. कासार बांगड्यांचे पेटारे उघडून पेंगत होता. नवरी पाटावर बसली होती आणि तिचे दोन्ही हात मोकळे होते. आक्का तिच्यासमोर पाय रोवून उभी.

"आयली माझी थोरली लेक!" आक्का ओरडली.

बायकोने पहिली बांगडी भरली. मग मी सगळ्यांसमोर माझी चूक कबूल केली. भांगेची गोष्ट ऐकून मांडव खदखदून हसला, आणि एका म्हाताऱ्या कोळ्याने मला हाताला धरून जावयाच्या पाटावर नेऊन बसवले. मी पोटभर जेवलो. कुणाच्या हातचे, ते गिरगावात सांगितले नाही.

उतरत्या उन्हात निघालो. आक्का वेशीपर्यंत आली. परतीच्या वाटेवर बायको एकदम हुंदके देऊन रडू लागली. मी घाबरलो. "अगं, वेळेवर पोचलो ना आपण? मग आता काय झालं?"

तिने पदराने तोंड पुसले. "काही नाही हो," ती म्हणाली. "माहेराहून निघताना बायका रडतातच."