अकराव्या पानावरची आई

“अकराव्या पानावरची आई कुठे गेली?”

ईमेलमध्ये एवढं एकच वाक्य होतं. पाठवणारी अरोहा, न्यूझीलंडमधली माओरी लेखिका. तिच्या चित्रपुस्तकाची अमेरिकन आवृत्ती आम्ही काढत होतो आणि तयार पानं तिला तपासायला पाठवली होती. मी मॅनहॅटनमधल्या एका प्रकाशन संस्थेत प्रॉडक्शन डिझायनर आहे. म्हणजे लेखकाचा मजकूर आणि चित्रकाराची चित्रं पानावर नीट बसवायची आणि फाइल छापखान्याकडे पाठवायची, हे माझं काम. तो सोमवार होता. गुरुवारी सकाळी फाइल जायची होती.

मी अकरावं पान उघडलं. आई होती की! गुडघाभर पाण्यात उभी, हातात शिंपल्यांची टोपली. शेजारी बाबा, काठावर त्यांची मुलगी. चित्राला कोणी हात लावला नव्हता.

मग वरचा शब्द पाहिला. पुस्तक इंग्रजीत आहे, पण प्रत्येक पानावर काही माओरी शब्द मोठ्या अक्षरात येतात, मुलांनी मोठ्याने म्हणावेत म्हणून. माओरी भाषा रोमन लिपीत लिहितात आणि स्वर लांब असेल तर त्याच्या डोक्यावर एक आडवी रेघ देतात. अरोहाच्या मूळ पानावर पहिल्या स्वरावर अशी रेघ होती. मातुआ. म्हणजे आईवडील. माझ्या पानावर ती नव्हती. शब्द झाला होता मतुआ. म्हणजे वडील. एकटेच.

रेघा कुठे गेल्या ते मला पक्कं माहीत होतं. मीच काढल्या होत्या.

झालं असं, की आमच्या मार्केटिंगला गुबगुबीत, गोल अक्षरांचा फॉन्ट हवा होता. त्या फॉन्टमध्ये रेघेची अक्षरंच नव्हती. फॉन्टमध्ये एखादं अक्षर नसलं की त्या जागी गुलाबी चौकोन दिसतो. पुस्तकभर चौकोन दिसले. उच्चाराच्या खुणा असतील, असं मी समजले. फाइंड-रिप्लेस केलं, साधी अक्षरं टाकली आणि पुढच्या कामाला लागले. कोणाला विचारलंही नाही.

मी नागपूरला मराठी शाळेत शिकले. दिन आणि दीन यांत घोळ केला म्हणून तिथे मार्क घालवलेत. आणि आता मीच हे करावं, याची मला भयंकर लाज वाटली.

मी माझ्या बॉसकडे, मेगनकडे गेले.

“रेघा परत टाकायला हव्यात. चूक माझी आहे.”

“टाक मग.”

“फॉन्टमध्ये नाहीत. फॉन्ट बदलावा लागेल.”

“अजिबात नाही. फॉन्ट बदलला की प्रत्येक ओळ हलणार, शब्द चित्रांवर चढणार. छापखान्यातला गुरुवारचा स्लॉट गेला तर पुस्तक शाळा सुरू व्हायच्या आत येणार नाही.” मग ती जरा नरमली. “शुभदा, इथल्या मुलांना ती रेघ वाचता तरी येणार आहे का?”

“लेखिकेला येते,” मी म्हटलं. “तू एकदा तिच्याशी बोल.”

आमच्याकडे दुपारचे चार वाजले होते, अरोहाकडे मंगळवारची सकाळ. व्हिडिओ कॉलवर ती चहाचा मग घेऊन बसली होती. साठीची बाई, आवाज शांत. मी आधी सरळ माफी मागितली. मेगनने आपली अडचण सांगितली. अरोहाने मध्ये न बोलता ऐकून घेतलं.

“माझ्या आजीला ही भाषा बोलली म्हणून शाळेत छडी बसायची,” ती म्हणाली. “मग तिने माझ्या आईला ती शिकवलीच नाही. आईला येत नव्हती, म्हणून मलाही नाही. मी चाळिशीनंतर क्लासला जाऊन शिकले. आई आता शिकतेय, ऐंशी उलटल्यावर. हे पुस्तक तिच्यासाठी आहे. त्यात शब्द चुकीचे असतील तर ती तेच पाठ करेल.”

 मेगन माझ्याकडे वळली. “बुधवारी पाचपर्यंत, फॉन्ट न बदलता. जमेल?”

“जमवते.”

फॉन्टची फाइल बदलायची लायसन्समध्ये परवानगी नव्हती. एकच रस्ता उरला. ते शब्द आउटलाइन करायचे, म्हणजे अक्षरांचं चित्र करून टाकायचं, आणि वर हाताने रेघ काढायची. यात धोका असा, की एकदा चित्र झालं की तो शब्द टाइप करून दुरुस्त करता येत नाही. म्हणून आधी एकेक शब्द मूळ पुस्तकाशी ताडून पाहिला. रेघा निघाल्या छप्पन्न.

पहिली दहा पानं मंगळवारी दुपारी अरोहाला पाठवली. लगेच उत्तर आलं, “रेघ फार वर गेलीय. तिचं अक्षराशी काही नातं आहे असं वाटत नाही.”

खरंच होतं. रेघ म्हणजे नंतर चिकटवलेली खूण, असं समजून मी ती काढत होते. ती अक्षराचाच भाग होती, आपल्या वेलांटीसारखी. मग मी रेघा खाली आणल्या, जाड केल्या, टोकं गोल केली. आता रेघा त्याच फॉन्टच्या घरातल्या वाटायला लागल्या. दहाही पानं पुन्हा केली.

बुधवारी दुपारी शेवटचं प्रूफ तपासताना अठराव्या पानावर एक रेघ दिसेना. त्या पानावरची अक्षरं पांढरी होती, आणि रेघ तेवढी लाटेच्या पांढऱ्या फेसात हरवली होती. मेगनला बोलावलं. तिने स्क्रीनला नाक लावून पाहिलं आणि म्हणाली, “शब्द थोडा उजवीकडे घे. निळ्यावर.” घेतला. रेघ दिसली. पाचला दहा मिनिटं असताना फाइल गेली.

पुस्तक शाळा उघडायच्या आधी आलं. जर्सी सिटीत आमच्या घराजवळच्या लायब्ररीत त्याचं वाचन झालं, तेव्हा मी मागे उभी होते. एका मुलीने विचारलं, “वर ती लाइन कशाला?” लायब्रेरियन म्हणाली, “तिथे थांबायचं असतं.” आणि वीसेक पोरांनी दम संपेपर्यंत ‘मा’ लांबवला.

त्याच आठवड्यात अरोहाने एक छोटा व्हिडिओ पाठवला. स्वयंपाकघरातलं टेबल, त्यावर आमचं पुस्तक. तिची आई शब्दाखाली बोट धरून सावकाश वाचते, “मातुआ.” मग मान वर करून इंग्रजीत म्हणते, “म्हणजे आम्ही दोघं.”

तो व्हिडिओ मी मेगनला दाखवला. तिने दोनदा पाहिला. नंतर कामाच्या फॉर्ममध्ये तिने एक नवा रकाना घातला. फॉन्ट ठरवण्याआधी लेखकाकडून त्याच्या भाषेतली सगळी अक्षरं मागवायची. पाच मिनिटांचं काम आहे. मी ते आधीच केलं असतं तर माझे तीन दिवस वाचले असते.