ती त्याला भैया म्हणत नाही

आधी माफी मागतो. जपानी ॲनिमेबद्दल लिहिण्याइतका मी कुणी नाही. मला जपानी येत नाही. ज्यांनी शेकडो मालिका पाहिल्या, ज्यांच्या घरी मोठे टीव्ही आहेत, त्यांनी हे लिहायला हवं होतं. मी जे काही पाहिलं ते फोनवर आणि एकाच कानात इयरफोन घालून, कारण मावशीनं हाक मारली तर ऐकू यावी म्हणून दुसरा कान मोकळा ठेवावा लागतो. शिवाय आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. 'मला असं वाटतं' असं लिहायची सवय आमच्यात कुणालाच नाही. घरी तसं म्हटलं तर 'तुला काय वाटायचंय' एवढंच उत्तर मिळतं. तरी लिहितोय. गेले काही आठवडे मी समोर येईल त्याच्यावर चिडतोय आणि का चिडतोय ते कुणाला धड सांगता आलेलं नाही.

मी जेऊरकडचा. सोलापुरात बी.एस्सी. करतो आणि शुक्रवार पेठेत मावशीकडे राहतो. पहिल्या वर्षी मावशीनं एकदा विचारलं, "काय बघतोस रं एवढं डोळं फाडून?"

"ॲनिमे," मी म्हणालो.

"एनिमा?" तिनं हातातलं लाटणं खाली ठेवलं. "आरं, मग आदी सांगायचं न्हाय का? पोट साफ होत न्हाय व्हय तुजं? तरीच जेवत न्हाईस."

मी खूप समजावलं. तिनं सगळं ऐकून घेतलं, मान हलवली आणि संध्याकाळी एरंडेल घातलेला चहा पुढ्यात ठेवला. "पी. लाजू नगं."

तेव्हापासून मी 'कार्टून' म्हणायला लागलो, आणि माझी पहिली तक्रार या शब्दाबद्दलच आहे. कार्टून म्हटलं की बोलणं तिथंच संपतं. समोरचा माणूस हसतो आणि माझ्या आजूबाजूला एखादं लहान मूल आहे का ते बघतो.

कॉलेजात ॲनिमे पाहणारे आहेत, पण त्यांच्याशीही माझं पटत नाही. त्यांना मारामारी लागते. मारामारीला माझा विरोध नाही. मीही सुरुवात तिथूनच केली. पण एक ठोसा मारायला तीन भाग लावायचे, ठोसा हवेत असतानाच स्वतःचं बालपण आठवायचं, आणि मारायच्या आधी त्या ठोशाचं नाव ओरडून सांगायचं, म्हणजे समोरच्यानं बाजूला व्हावं की नाही? हे मी एकदा बोललो तर दोन दिवस कुणी माझ्याशी बोललं नाही. आणखी एक तक्रार वेगाची आहे. माझा एक वर्गमित्र आहे. त्यांच्या घरी यंत्रमाग आहेत, घरात तेलुगू बोलतात आणि बाहेर आमच्यापेक्षा बरी मराठी. तो माणूस चांगला आहे, पण सगळं दीडपट वेगानं बघतो. मी त्याला माझी आवडती मालिका दाखवली, तीही त्यानं तशीच पाहिली.

"काय होतंय बे त्याच्यात?" तो म्हणाला. "बाई थर्मामीटर बघती. मग खिडकीतनं बाहेर बघती. मग परत थर्मामीटर."

"तेच होतं त्यात," मी म्हणालो.

"मग बरं झालं की मी लवकर उरकलं."

ती मालिका एका बेटावरच्या हवामान केंद्राची आहे. खेड्यातली एक मुलगी तिथं नोकरीला लागते. तिच्या आधीपासून तिथं एकटाच काम करणारा एक तरुण असतो, मोजकं बोलणारा. दोघं रोज वारा मोजतात, तापमान लिहितात, भात शिजवतात. त्या भाताची वाफ इतकी नीट काढलेली आहे की मला कॉलेजच्या कँटीनमध्ये बसूनही भूक लागायची. विजेच्या तारांवर कॅमेरा कितीतरी वेळ थांबतो आणि तारा फक्त हलतात. मला हे का आवडतं, मला नीट सांगता येत नाही. आमच्याकडे स्टेशनच्या पलीकडे शेतातनं गेलेल्या तारा अशाच हलायच्या आणि त्या बघण्यासारख्या आहेत असं मला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

पण खरी गोष्ट नावाची आहे.

मालिकेच्या खाली इंग्रजी अक्षरं येतात. त्यांत ती मुलगी त्याला पहिल्या भागापासून त्याच्या नावानं हाक मारते. मी तसंच धरून चाललो होतो. मग एकदा लक्षात आलं की खाली लिहिलेलं नाव लहान आहे आणि तिच्या तोंडून येणारी हाक लांब आहे. मी तोच तुकडा पुन्हा पुन्हा ऐकला. नेटवर शोधलं तेव्हा कळलं, ती त्याचं नाव घेतच नव्हती. ती त्याचं आडनाव घ्यायची आणि पुढे आदराचा शब्द लावायची. कधी नुसता, आपल्या आधी कामाला लागलेल्या माणसाला म्हणायचा एक शब्द. आडनावही नाही. इंग्रजी करणाऱ्यानं ते सगळं पुसून तिथं नाव टाकून दिलं होतं.

हे माझ्या लक्षात आलं यात माझी हुशारी काही नाही. माझी आई वडलांचं नाव घेत नाही. लहानपणी दवाखान्यात, बँकेत कुणी "नवऱ्याचं नाव?" असं विचारलं की ती माझ्या दंडाला चिमटा काढायची आणि मी सांगायचो. एकदा मी बरोबर नव्हतो. तेव्हा ती करमाळ्याच्या दवाखान्यात त्या कारकुनाला म्हणाली, "आमच्या घरासमोर ज्याचं देऊळ हाय, त्याचंच नाव." त्या बिचाऱ्यानं आमचं घर पाहिलेलं नव्हतं. रांगेतल्या बायका मात्र लगेच तिच्या बाजूनं उभ्या राहिल्या आणि एकेक देव सुचवू लागल्या. आईनं योग्य देवाला मान हलवली. अशा घरात वाढलेल्याला, समोरची बाई नाव घेत नाहीये, हे कळणारच.

आणि एकदा ते कळलं की ती सगळी मालिकाच दुसरी होते. ती भात वाढताना, छत्री देताना, तापात त्याच्या उशाशी बसून, सगळीकडे नावाला वळसा घालते. मालिकेच्या शेवटच्या भागात तो बेट सोडून निघालेला असतो. ती धक्क्यावर धावत येते, तोंड उघडते, बोटीचा भोंगा वाजतो, आणि मालिका संपते. पुढची गोष्ट थेट चित्रपटात होती. ती त्याचं नाव घेते का नाही, मला एवढंच ऐकायचं होतं. तेही तिच्याच आवाजात, थिएटरमध्ये बसून, दोन्ही कानांनी.

आता हिंदीचं सांगतो. मध्यंतरी या मालिकेचं हिंदी आलं. मी फार आशेनं लावलं. आपल्या भाषांत आप, तुम, तू आहे, तुम्ही आहे, अहो आहे. इंग्रजीत जे पुसलं गेलं ते इथं सहज आलं असतं. पहिल्याच भागात ती मुलगी हात पुसत बाहेर येते आणि त्याला म्हणते, "भैया, चाय ठंडी हो रही है."

भैया! सगळी मालिका ती त्याला भैया म्हणते. बेटावर दोन माणसं, आणि त्यांनी त्यांना भाऊ-बहीण करून टाकलं. मी फोन उलटा ठेवला.

चित्रपट पुण्या-मुंबईत जपानीत लागला, सोलापुरात लागला नाही. माझी प्रॅक्टिकल्स सुरू होती, त्यामुळे पुण्याला जाणं शक्य नव्हतं. म्हणून मी त्या दीडपटवाल्या मित्राला घेऊन इथल्या एका थिएटरच्या मॅनेजरला भेटायला गेलो. ते जेवत होते. कडक भाकरी, शेंगाची चटणी, समोर फोन.

"काका, एक जपानी ॲनिमे आहे," मी म्हणालो.

"कार्टून, काका," मित्रानं मध्ये तोंड घातलं. "पण मोठ्यांचं."

काकांचा हात थांबला. "मोठ्यांचं म्हंजे? तसलं न्हाय ना कायतर?"

"नाही, नाही. हवामान खात्याचं आहे."

"हवामान खात्याचं?"

"दोघं तिथं नोकरी करतात."

"मग?"

"मग काही नाही. वारा मोजतात."

काकांनी मित्राकडे बघितलं. मित्रानं छताकडे बघितलं.

"हिंदीत असंल तर बघू," काका म्हणाले.

"हिंदीत नको, काका. जपानीतच पाहिजे."

"सोलापुरात मराठी झालं, कन्नड झालं, तेलुगू झालं, उर्दू झालं. आता तू जपानी आणतोस व्हय?"

"हिंदीत ती त्याला भैया म्हणते."

"म्हणू दे की. तुजं काय जातंय?"

माझा आवाज चढला. मोठ्या माणसासमोर माझा आवाज असा कधी चढत नाही. "शेवटी ती त्याचं नाव घेणार आहे, काका. इतके दिवस भैया म्हटलेल्याचं नाव घेतलं काय आणि न घेतलं काय, सारखंच की!"

"लगीन करती का त्याच्याशी?"

"माहीत नाही. नाव तरी घेते का तेच माहीत नाही."

"मग उखाणा घे म्हणावं की," मित्र म्हणाला आणि दोघंही हसले. मी उठून जाणार होतो. पण हसणं थांबल्यावर काका बोटं पुसत म्हणाले, "आमची मंडळी अजून माझं नाव घेत न्हाय. फोनमधी पण नुसतं 'घर' म्हणून ठेवलंय." मग जरा थांबून म्हणाले, "जपानी मागून बघतो. पण माणसं गोळा करायची तुमी. मला लोकांची मागणी दावावी लागती वर."

माणसं गोळा करायला मी कच्चा निघालो. जो तो विचारायचा, "मारामारी हाय का?" मी म्हणायचो, नाही. एकानं विचारलं, "निदान कुणी मरतंय तरी का?" शेवटी मित्रानं काम हातात घेतलं. त्यानं मेसेज तयार केला, 'सोलापुरात पहिल्यांदाच' वगैरे, आणि कॉलेजच्या सगळ्या ग्रुपवर टाकला. वाचून मी म्हणालो, "भाषेचं लिहिलं नाहीस. जपानीतच पाहिजे असं लिही."

"येडा हाईस काय बे? भाषा लिहिली तर निम्मे गळतील. आधी पिक्चर तर येऊ दे."

मला ते पटलं नाही, पण मेसेज तसाच राहू दिला. लोक भराभर 'आलो', 'आपण आहे' असं लिहायला लागले. खाली कुणीतरी 'कुठलीही भाषा चालेल' असं लिहिलं आणि त्याखाली अंगठ्यांची रांग लागली.

तेवढ्यात कॉलेजातली काही पोरं पुण्याला जाऊन चित्रपट पाहून आली आणि ग्रुपवर रडक्या चेहऱ्यांचा पाऊस पडला. ती काय म्हणाली ते चुकून डोळ्यांखाली यायला नको म्हणून मी एकेक करून सगळ्या ग्रुपमधून बाहेर पडलो. वर्गात कुणी बेटाचं काही काढलं की कानात बोटं घालून प्रयोगशाळेत जाऊन बसायचो. या सगळ्यात मी किती जणांवर ओरडलो याची गणती नाही. मावशीनं परत एरंडेलाची चौकशी केली.

म्हणूनच ही बातमी सोलापुरात सगळ्यांत शेवटी मला कळली. प्रॅक्टिकल आटोपून बाहेर आलो तर मित्र जिन्यात उभा होता, घामेजलेला.

"लागला बे! शुक्रवारपासून. रोज दुपारी, आठवडाभर! पोरं नाचायलीत खाली."

"जपानी?"

त्यानं रुमाल काढून मान पुसली.

"हिंदी. काकांनी जपानीच मागितला होता, खरंच. पण मागणी म्हणून आपला ग्रुप वर दावला, तर ते म्हणाले, तुमच्या माणसांना कुठलीही भाषा चालती तर जपानी कशाला पाठवायचा. आणि पुण्यातला जपानी कालच उतरला."