अलिबागच्या वाटेवर कर्नाळ्याला हँडलचं रबर हातात आलं

आमी करंजाड्याजवळच्या गावात राहतो. खाडी रोजची, पण वाळूवाला समुद्र आमच्या यशने बघितला नव्हता. अडीच वर्षांचा झाला. मीच मागे लागलेली, एक दिवस अलिबागला जाऊ. आमचे हे उलव्याला डंपर चालवतात, सुट्टीची मारामार. शेवटी शनिवारची मिळाली.

आदल्या दिवशी ह्यांनी पनवेलच्या बाजारातून मोटरसायकलच्या हँडलचे नवीन रबर आणले. जोडी नव्वद रुपये. जुने पार गुळगुळीत झालेले, हाताला काळं लागायचं. दुकानवाले चाचा बोलले, थांब, बसवून देतो. ह्यांना घाई. घरी अर्धा तास झटले, रबर अर्ध्यावरच अडकलं. वैतागून आंघोळीला गेले.

मी बघितलं आणि मला कासारीण आठवली. घट्ट बांगडी चढत नसली की ती हाताला तेल लावते. मी पण दोन्ही रबरांत खोबरेल तेल सोडलं. सरसर चढले. हे बाहेर येऊन बघतात तर काम झालेलं. "जोर हाय गं तुझ्या हातात!" बोलले. मला एवढं बरं वाटलं की तेलाचं सांगितलंच नाय.

सकाळी सातला निघालो. यश पुढे टाकीवर, मी मागे. पळस्पे फाट्यावर दोनशेचं पेट्रोल टाकलं. पुढे रस्ता चांगला, मधेच खड्डे, सवकाश जा. कर्नाळ्याला झाडी लागली की थंड वाटतं, डबा खायचा तर तिथेच खा. आमी खाणार होतो.

उतारावर खड्डा आला. ह्यांनी हँडल आवळलं, आणि डावीकडचं रबर सटकून हातात आलं. हात हवेत. गाडी उजवीकडे गेली, समोरून ट्रक. मी डोळे मिटले. ट्रकचा वारा कानाला लागला. डोळे उघडले तर गाडी कडेला उभी, हे पांढरेफटक, आणि यश टाळ्या वाजवतोय. "पप्पा, अजून!"

मी उतरून आधी यशचे हातपाय चाचपले.

"चाचाने डुप्लिकेट माल गळ्यात मारला," हे बोलले. रबर परत दाबून बसवलं. "चल मागे पनवेलला. त्याला दाखवतोच."

मी यशला उचलायला गेली. त्याने भोकाड पसरलं. "बसू दे त्याला पुढे, हळू चालवतो," हे बोलले. मी बसू दिला. डावीकडचं निघालं ते ह्यांना दिसलं, पण उजवीकडे, रेसच्या बाजूला पण तेच तेल. ते फक्त मला ठाऊक. बोलायचं होतं. पण ह्यांचा राग मोठा, त्यात हे खवळलेले. पनवेलपर्यंत मी फक्त त्या उजव्या हाताकडे बघत होती.

गाडी दुकानाच्या दारातच लावली, टाकीवरच्या यशला धरून मी बाजूला. ह्यांनी रबर काउंटरवर आपटलं. "पोरगा मेला असता माझा!"

चाचांनी आवाज चढवला नाय. रबरात बोट घातलं, नाकाला लावलं. "भावा, ह्याला खोबऱ्याच्या तेलाचा वास येतो."

"तुमच्याच गोदामातलं असंल!"

"चाळीस साल दुकान चालवतो. अल्ला कसम, मी रबराला तेल लावत नाय."

चार गिऱ्हाईकं बघायला लागली. त्या म्हाताऱ्या माणसाची मान खाली गेली. मग माझ्याच्याने राहवलं नाय.

"मी लावलं. बांगडीला लावतात तसं."

एक जण हसला, "वहिनी, पुढच्या टायमाला हळद-कुंकू पण लावा!"

चाचा हसले नाय. "बेटी, तेलाने चढतं ते तेलानेच उतरतं. पेट्रोल लावायचं. ते उडून जातं, मग रबर धरून बसतं."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. "उजवीकडे पण?"

"हो."

ह्यांनी यशला टाकीवरून उतरवलं आणि छातीशी धरून उभे राहिले.

चाचांनी दांडी पुसली, रबर धुतले, पेट्रोल लावून बसवले, अर्धा तास सुकू दिले. पैसे घेतले नाय. म्हणून सांगते, रबर बदलायचे तर दुकानातच बसवून घ्या, घाई करू नका.

मग आमी अलिबागला गेलो. वडखळला वडापाव खाल्ला, येताना पांढऱ्या कांद्याची माळ घेतली. यश पाण्यात नाचला. समुद्र छान हाय म्हणतात. मला तर तो ट्रकच दिसत होता.

संध्याकाळी घरी आलो. सासूबाई यशला आत घेऊन गेल्या. आता सारखं मनात येतं, कर्नाळ्यापासून पनवेलपर्यंत मी पोराच्या जिवापेक्षा ओरड्याला जास्त घाबरली. आई असून.

हे पायरीवर बसलेले. "तिथेच का नाय बोललीस?"

"तुमी ओरडाल म्हणून."

हे हळूच बोलले, "एवढा ओरडतो मी?"

ह्या वेळी मी थांबली नाय. "हो," बोलली.