शोभाताईंचा पासवर्ड

शोभाताईंच्या कॉम्प्युटरला पडदा नव्हता. टेबलाखाली मशीनचा डबा होता, वर कीबोर्ड होता, दोन्ही बाजूंना लहान लहान स्पीकर होते, आणि मधे जिथं पडदा असतो तिथं ताईंचा जेवणाचा डबा आणि पाण्याची बाटली. अर्ज टाइप करून घ्यायला नवीन माणूस आला की आधी त्या डब्याकडं बघायचा, मग ताईंकडं.

"बाई, याचा टीव्ही कुठं गेला?"

"तो तुमच्यासाठी लागते भाऊ. मी काय पाहू त्याच्यात? उगाच लाईट खाते."

मग तो माणूस सांगेल तसा अर्ज ताई टाइप करायच्या. प्रिंटरमधून कागद निघाला की त्याच्या हातात देऊन म्हणायच्या, "वाचून पाह्य. चूक सापडली तर चहा माह्याकडून." तिथं चहा करायचं काम माझं होतं. तीन वर्षांत तसा चहा मी दोनदाच केला.

नांदुऱ्याला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत अंध मंडळाची ती खोली होती. सहा जुनी मशीनं, सहा माणसं, सगळी पूर्ण आंधळी. मी झाडायला, पाणी भरायला लागले. पहिल्या दिवशी कोणाला त्रास नको म्हणून मी आवाज न करता आत गेले आणि कोपऱ्यात उभी राहिले. ताई टाइप करता करता थांबल्या.

"कोण व तिथं? श्वास घ्यायले बी लाजते का तू?"

मी नाव सांगितलं. त्यांना ऐकू गेलं नाही. पुन्हा सांगितलं. तेव्हा म्हणाल्या, "मंदे, इथं दिसणं कामाचं नाही. इथं बोलल्याशिवाय माणूस नसतेच." मी चौथीपर्यंत शिकलेली. शाळेत बाई प्रश्न विचारायच्या तेव्हा उत्तर येत असूनही मी खाली मान घालायची. इथं मान खाली घातलेली कोणाला कळतच नव्हती.

त्यांची मशीनं बोलतात हे मला तिथंच कळलं. पडद्यावर जे उमटतं ते एक आवाज वाचून दाखवतो. तो इतका पळतो की मला पहिले काही दिवस वाटलं रेडिओ बिघडला आहे. ताईंना त्यातला शब्द न् शब्द कळायचा. मी म्हटलं, हळू का नाही लावत? तर म्हणाल्या, "तू वाचताना एकेका अक्षराले हात लावते का?" मी खरं तर बोट ठेवूनच वाचते. पण ते मी सांगितलं नाही.

एकदा त्यांना साडी घ्यायची होती म्हणून मला सोबत नेलं. दुकानदार मला विचारायला लागला, "बाईंना कोणता रंग दाखवू?" ताई म्हणाल्या, "रंग मी सांगते, कपडा मी पाह्यते. तू भाव सांग." त्यानं सुती म्हणून ठेवलेल्या साडीचा काठ त्यांनी अंगठ्यानं चोळला आणि परत सरकवली. "हे सुती नाही. हे सुताच्या शेजारी राह्यलेलं हाय." दुकानदार आधी चिडला, मग हसला आणि आतून दुसरा गठ्ठा आणला.

मी इथं लिहायला बसले ते मात्र मशीनच्या भांडणाबद्दल.

मंडळाची मशीनं जुन्या विंडोजवर चालायची. त्या जुन्या विंडोजची दुरुस्ती आता बंद होणार, आणि नवीन विंडोज या जुन्या मशीनमधे बसणार नाही, असं सगळ्यांना कळलं होतं. ताईंचं म्हणणं, विंडोजच्या जागी आपण लिनक्स घेऊ. ते फुकट मिळतं, जुन्या मशीनवर चालतं आणि आपल्याशी बोलतं. त्यांची एक मैत्रीण होती, तीही आंधळी. तिनं फोनवर सगळं समजावलं होतं आणि पोस्टानं पेन ड्राइव्ह पाठवला होता.

गजाननभाऊंना ते पटत नव्हतं. ते ताईंच्या शेजारच्या मशीनवर बसायचे. आधी एका कापसाच्या जिनिंगमधे फोन घ्यायच्या कामावर होते. आवाज मोठा, मन हळवं.

"ताई, बारा वर्षं झाली. कोणतं बटन दाबलं की काय होते हे माह्या बोटाईले ठाऊक हाय. तुम्ही म्हणता घर बदला. डोळेवाला नवीन घरात गेला तर त्याले दारातूनच दिसते चूल कुठं हाय ते. आपल्याले भिंतीले हात लावत लावत पुन्हा शिका लागते. मी पंचेचाळीसचा झालो."

"मी बावन्नची हाय बे. माह्या भिंती तुह्यापेक्षा जुन्या."

"तुमचं वेगळं. तुम्हाले भांडायले नवीन घर पाह्यजेच."

सगळे हसले. पण गजाननभाऊंचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि चौघं जण त्यांच्या बाजूनं होते.

त्यातच एका संस्थेचे साहेब आले. सहा नवीन मशीनं देतो म्हणाले, नवीन विंडोज टाकून. अट एकच होती. पासवर्ड एका डोळस माणसाजवळ राहील. तो सकाळी मशीनं उघडून देईल, संध्याकाळी बंद करेल, आणि त्याला विचारल्याशिवाय मशीनमधे काही टाकायचं नाही, काढायचं नाही. हो की नाही ते विचार करून सांगा म्हणाले.

साहेब गेल्यावर गजाननभाऊ म्हणाले, "मंग काय बिघडलं? तो उघडून देईन, बंद करीन. मशीन तर नवीन भेटते."

"अन् ज्या दिवशी तो येणार नाही त्या दिवशी?"

"येईन ना तो."

"मागं मशीन बिघडली तवा खामगावचा माणूस उद्या येतो म्हणला होता. किती दिवस बसलो आपण हातावर हात ठेवून? नऊ." ताईंनी कीबोर्डवर तळहात ठेवला. "खोली आपली, काम आपलं, अन् कुलपाची किल्ली दुसऱ्याच्या कमरेले. मले नाही जमत."

शेवटी ताईंनीच तोड काढली. साहेब ज्या दिवशी उत्तर घ्यायला येणार त्याच दिवशी सकाळी त्या आपल्या मशीनमधे लिनक्स टाकणार. पहिल्यापासून शेवटपर्यंत, पडदा न जोडता, कोणाचे डोळे न लावता. जमलं तर साहेबांना नाही म्हणायचं. नाही जमलं तर साहेबांच्या कागदावर पहिली सही ताईंची.

"सगळ्याईनं ऐकलं का?"

"ऐकायलेच तर बसलो हावो," गजाननभाऊ म्हणाले.

"मंदे, तुहे डोळे त्या दिवशी सुट्टीवर."

त्या दिवशी साहेब येणार म्हणून मी खोली जास्तच स्वच्छ केली. एरवी मी टेबलांच्या खाली फरशी पुसत नाही, तारा असतात. त्या दिवशी पुसली. ताईंच्या मशीनच्या मागची स्पीकरची बारीक तार माझ्या हाताला लागून निघाली. टेबल भिंतीला लावलेलं, मागं काही दिसत नव्हतं. मी हात घालून जे भोक सापडलं त्यात ती खोचली आणि पुढं गेले.

दहा वाजता ताई बसल्या. बाकीचे खुर्च्या ओढून भोवती. पेन ड्राइव्ह लावला, मशीन चालू केलं. थोड्या वेळानं मशीनच्या डब्याच्या आतून एक बारीक 'बीप' आली. ताईंच्या मैत्रिणीनं सांगितलेली खूण हीच होती. ताईंनी एस दाबला, एंटर दाबलं. आता आवाज यायला पाहिजे होता.

आला नाही.

त्यांनी मशीन बंद करून पुन्हा केलं. बीप आली. एस, एंटर. पुन्हा शांत. तिसऱ्यांदाही तसंच. बीप ऐकू येत होती, म्हणून स्पीकरचा संशय कोणाला आला नाही; पण ती स्पीकरमधून नाही, मशीनच्या आतूनच येते. मला आला. पाण्याचा तांब्या हातात धरून मी दारात उभी होते. पण माझे डोळे सुट्टीवर होते. आणि एवढ्या माणसांत मी कधी बोललेच नव्हते.

"ताई, मंदाताईले सांगू का पडदा जोडायले?" गजाननभाऊ हळूच म्हणाले. त्यांना जिंकायचं होतं, पण असं नाही, हे त्यांच्या आवाजात कळत होतं. "एक डाव पाहू द्या काय लिहून येते ते."

"पाह्यलं की हरलो."

"असेच हरून राह्यलो ना."

चप्पल काढून ताईंनी पाय टेबलाखाली पसरले, आणि एकदम पाय थांबले.

"इथं ओलं काऊन हाय? टेबलाखाली कोणी पुसलं?"

ताई खुर्चीवरून उतरून फरशीवर बसल्या, टेबलाखाली शिरल्या. स्पीकरपासून तार बोटांत धरून मागं मागं गेल्या. मशीनच्या पाठीवर हात फिरवत पुटपुटल्या, "एक, दोन, तीन... ही इथं काऊन?" तार काढली आणि शेजारच्या भोकात घातली. बाहेर आल्या तेव्हा पदराला जाळं लागलेलं. पुन्हा बीप, पुन्हा एस, पुन्हा एंटर.

मशीन इंग्रजीत बोलायला लागलं. गजाननभाऊंनी टाळी वाजवली आणि मग आपण कोणाच्या बाजूचे ते आठवून हात मांडीवर ठेवले.

ताईंनी मात्र मान माझ्याकडं वळवली. "मंदे, इकडं ये. तार तू काढली होती?"

"हाव."

"तुले समजलं होतं?"

"हाव."

"मंग बोलली काऊन नाही?"

"तुम्ही म्हटलं होतं, डोळे नको."

"डोळे नको म्हणलं व! तोंड नको कवा म्हणलं?" मग एकदम हसायला लागल्या. "अन् पाहा, जिले दिसते तिनं चुकीच्या भोकात घातली. हात शिकवला नाही तर त्याले बी काही दिसत नाही."

जेवणाच्या वेळेपर्यंत मशीन प्रश्न विचारत होतं आणि ताई उत्तरं देत होत्या. पासवर्ड विचारला तेव्हा ताई टाइप करत होत्या आणि मशीन प्रत्येक अक्षराला नुसतं 'स्टार' म्हणत होतं, ऐकणाऱ्याला अक्षर कळू नये म्हणून. दोन वाजता मशीन बंद होऊन आपोआप सुरू झालं आणि बोललं; लिनक्स बसलं होतं. मी पाणी दिलं.

चारला साहेब आले. ताईंनी त्यांच्यासमोर पत्र टाइप केलं, छापून हातात दिलं. पत्रात लिहिलं होतं की मंडळाला मशीनं नकोत, आभारी आहोत. साहेबांनी वाचलं. जेवणाच्या डब्याकडं बघून म्हणाले, "कौतुक आहे तुमचं. पण समजून घ्या, एक तरी डोळस व्यक्ती जबाबदार पाहिजे. बाहेरचा माणूस नको असेल तर या बाई आहेत ना? यांच्याजवळ पासवर्ड ठेवू. तुमच्यातल्याच आहेत."

साहेब माझ्याकडं बघत होते. बाकीच्यांची तोंडं जिथं माझा आवाज असायला पाहिजे तिकडं वळली. गजाननभाऊंच्या चेहऱ्यावर आशा होती. मशीनं नवीन, आणि माणूस घरचा. एरवी प्रत्येक गोष्टीत बोलणाऱ्या ताई तेव्हा गप्प बसल्या. त्या माझी वाट बघत आहेत हे मला कळलं.

मी म्हटलं, "साहेब, मले फक्त दिसते. मशीन त्याईले येते."

साहेबांना नीट ऐकू गेलं नाही. मी पुन्हा म्हटलं, मोठ्यानं. "मी पासवर्ड घेणार नाही. ज्याची मशीन त्याच्याजवळ राहू द्या."

साहेब गेले. नवीन मशीनं दुसरीकडं गेली. त्या संध्याकाळी चहा ताईंनी केला, सगळ्यांसाठी, आणि मला बसवून आधी मला दिला. साखर जास्त झाली होती.

पाच मशीनं लिनक्सवर गेली. गजाननभाऊंनी आपल्या मशीनला हात लावू दिला नाही. ताईंनीही जोर केला नाही. "तुही चूल तुह्यापाशी. पासवर्ड तुह्यापाशी हाय ना? मंग झालं." नवीन बटनं शिकताना बाकीचे आठवडाभर चिडले, ताईंवर ओरडले. ताई प्रत्येकाच्या मागं उभ्या राहून तेच तेच सांगत राहिल्या. भिंतीला हात लावत लावत शिकणं खरंच अवघड होतं. गजाननभाऊंचं ते म्हणणं ताईंनी कधी खोटं ठरवलं नाही.

पुढच्या वर्षी ताई आजारी पडल्या. खामगावच्या दवाखान्यात होत्या. मी भेटायला गेले तर म्हणाल्या, "मंदे, कान इकडं कर." आणि मला आपल्या मशीनचा पासवर्ड सांगितला. मंडळाची सगळी कागदपत्रं त्यात होती.

मी घाबरले. "ताई, मी तर नाही म्हटलं होतं."

"तुले ठेवायले नाही देत. न्यायले देऊन राह्यली. गजाच्या कानात सांगजो. कागदावर नाही लिहायचं. अन् त्याले म्हण, उघडला की लगेच बदल."

नांदुऱ्यापर्यंत बसमधे मी तो शब्द ओठातल्या ओठात म्हणत होते. शेजारच्या बाईला वाटलं मी जप करते. त्याच दुपारी फोन आला, ताई गेल्या.

दहा दिवसांनी खोली उघडली. टेबलावर ताईंचा जेवणाचा डबा तसाच होता. गजाननभाऊ आपली खुर्ची सोडून ताईंच्या खुर्चीवर बसले. डबा उचलून बाजूला ठेवतील असं वाटलं. त्यांनी तो चाचपला आणि आहे तिथंच राहू दिला. मी वाकून त्यांच्या कानात शब्द सांगितला. लिनक्सला नावं ठेवणारे गजाननभाऊ न अडखळता आत गेले. कधी शिकले, कोणाजवळ शिकले, मी विचारलं नाही.

"आता बदलतो," ते म्हणाले. मग बोटं कीबोर्डवर ठेवून थांबले.

"मंदाताई, डोळे झाका."

"अहो, मी काय पाहणार? पडदा कुठं हाय?"

"बोटं दिसतात ना? तुमचा भरवसा नाही. तुम्हाले दिसते."

ताई असत्या तर हेच म्हणाल्या असत्या. मी पदर डोळ्यांवर घेतला आणि भिंतीकडं तोंड करून उभी राहिले. बटनं वाजत होती, आणि प्रत्येक बटनाला मशीन म्हणत होतं, स्टार, स्टार, स्टार.