डोंगराआडचे जावई

आमच्या जावयांच्या पहिल्या दिवाळसणाच्या फोटोत जावई नाहीत, डोंगर आहे. इतकी वर्षं याचा दोष जावयांच्या माथी आहे. आता माझी पंचाहत्तरीही झाली. खरं काय ते सांगून टाकतो.

निवृत्तीनंतर मला सुईच्या भोकातून फोटो काढायचा नाद लागला. जुन्या रोलच्या कॅमेऱ्याची लेन्स उपसून तिथे कोल्ड्रिंकच्या डब्याचा पत्रा चिकटवला आणि त्याला सुईने भोक पाडलं. (बायको म्हणाली, "चांगल्या वस्तूला भोक पाडायला एवढं शिकलात?") आतली चौकटही कापून रुंद केली, म्हणजे फोटो लांबलचक येतो. अट एकच: भोक उघडं असेपर्यंत कुणी हलायचं नाही. हलला तो पुसला गेला!

त्या दिवाळीत ओझरहून आलेल्या सुहासरावांना घेऊन आम्ही सगळे गंगापूर धरणावर गेलो. मान मधल्या जागेचा. पण जावई भिडस्त, जाऊन बसले उजव्या टोकाला. मी कॅमेऱ्याशेजारून ओरडलो, "सुहासराव, मुळीच हलू नका!"

फोटो धुऊन आला. सगळे जागच्या जागी, आणि उजवीकडे भलामोठा धूसर डोंगर!

"बाबा, हे कुठे गेले?" आमच्या मीनलचा चेहरा पडला.

"हलले असतील."

"मी?" सुहासराव म्हणाले. "अहो, नाकावर माशी बसली तरी हललो नाही!"

"बघा! म्हणजे लक्ष माशीकडेच होतं!"

झालं! तेव्हापासून ते जेवायला बसले तरी कुणीतरी म्हणतंच, "जावईबापू, हलू नका, वाढतोय!" ते हसतात, पण फोटोची वेळ आली की हळूच चपला शोधू लागतात.

माझ्या पंचाहत्तरीला त्यांनी तोच फोटो भिंतभर मोठा करून आणला. "बाबा, डोंगर मात्र झकास आलाय. वर लेणंसुद्धा दिसतंय!"

बायकोने चष्मा पुसला. "लेण्याला चार भोकं? अहो, हे तर तुमच्या शर्टाला मी लावलेलं कोटाचं बटण!"

सगळ्यांनी फोटोकडे पाहिलं, मग माझ्या पोटाकडे. मला ते निगेटिव्ह पाहतानाच कळलं होतं. त्या भोकाला शेजारी उभं असलेलंही दिसतं, आणि त्या दिवशी सर्वांत स्थिर होतं ते माझं पोट!

"चुकलं माझं, सुहासराव..."

"बाबा, ते राहू द्या. एक फोटो काढू." ते माझ्यामागे येऊन उभे राहिले. मीनलने मोबाईल उचलला. सुहासराव मागून म्हणाले, "आता मात्र तुम्ही मुळीच हलू नका!"

मी हललो नाही. फोटो झकास आला. जावई याही फोटोत नाहीत!